आवाजाला मनाई

गेटावरची पाटी सेवालालनं दोनदा वाचली. शाळा त्याची चौथीपर्यंतच, पण अक्षरं चांगली वीतभर उंच होती: 'शांतता राखा. पक्षी विश्रांती घेत आहेत.' आणि वाचून, खोटं कशाला बोला, त्याच्या जिवात जीव आला.

बाकी जीव अंगात होता कुठं! काल सकाळी तांड्यावरून निघाला तेव्हापासून तो नुसता बसत आला होता. मंगरूळपीरपर्यंत पुतण्याच्या मोटारसायकलवर, तिथून कारंजा लाडपर्यंत एसटीत, कारंजाहून ट्रॅव्हल्सच्या शेवटच्या शीटवर आपटत, मग आणखी एक एसटी, आणि सरतेशेवटी शेअर रिक्षात ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून. बावीस तास झाले होते. कंबर आपली आहे की शेजारच्याची, हे कळेनासं झालं होतं. वय अठ्ठावन्न, आणि त्यातली तीस वर्षं उसाच्या फडात नाहीतर वीटभट्टीवर वाकण्यात गेलेली. दमणं त्याला नवीन नव्हतं. पण हे दमणं बसचं नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं. हे भीतीचं होतं.

भीती होती रडण्याची. स्वतःच्या नाही, बायकोच्या. आणि तिच्याहून जास्त, लेकीच्या.

ज्यांना आमच्या तांड्यांची रीत ठाऊक नाही त्यांना हे सांगावं लागेल. आमच्या बाया पुष्कळ दिवसांनी भेटल्या की 'काय, बरी हायेस ना' म्हणून मोकळ्या होत नाहीत. गळ्यात गळा घालतात आणि 'याडी येऽऽ', म्हणजे 'आई गं', करून रडतात. मुळूमुळू नाही, मोठ्यानं, सुरात, पार तांड्याच्या टोकाला ऐकू जाईल असं. आणि त्या सुरातच, मागच्या भेटीपासून जे जे घडलं ते सांगतात. कोण मेलं, काय जन्मलं, सासू काय बोलली, नवऱ्यानं कधी हात उगारला, गाय कशानं गेली. तेव्हा तिला कोणी अडवायचं नाही, खोटं पाडायचं नाही. बाप्यांनी लांब जाऊन पाठ करून उभं राहायचं. पुरतं रडून झालं की त्याच बाया डोळे पुसून खिदळायलाही लागतात. पण रडल्याच नाहीत, तर समजून घ्यायचं की नातं संपलं.

आणि त्याची बायको जमनाबाई सहा वर्षांचं रडणं साठवून आली होती.

सहा वर्षांखाली हे सगळं घर इथंच, या खाडीपासून दोन कोसांवरच्या वीटभट्टीवर हंगामाला आलं होतं. हंगाम संपला, परतीची गाडी भरली, आणि एकोणीस वर्षांची रीता गाडीत बसलीच नाही. तिथल्या एका आगरी पोराशी, प्रणित त्याचं नाव, तिनं रजिस्टर लग्न केलं. सेवालाल तांड्यावर परतला आणि पंचांसमोर म्हणाला, "ती आमाले मेली." कोणी विचारलं नव्हतं, तरी म्हणाला. पुढं तांड्यातल्या आणखी तीन पोरी तशाच गेल्या. त्यातली एक खुद्द नायक लालसिंगची नात. मग नायकानं सुपारी कातरता कातरता सांगून टाकलं, "जाऊ द्या रे, जमाना बदलला." जमाना बदलायचा तर नायकाच्या घरापासून बदलावा लागतो, त्याशिवाय तो बदलत नाही! पण सेवालालला त्याचा काही उपयोग नव्हता, कारण मधल्या काळात एक फोन येऊन गेला होता.

चार वर्षं झाली त्याला. श्रावणातली दुपार, सोयाबीनात निंदण चाललेलं. जमनाबाई दहा पावलांवर तण उपटत होती आणि ओळीतल्या बायांना काहीबाही सांगून हसवत होती. सेवालालच्या खिशात फोन वाजला. नंबर अनोळखी.

"बा, मी रीता. बा, मले पोरगी झालती. दोन दिवस जगली. याडीले दे ना फोन."

त्या घटकेला त्याच्या जिभेवर कोण येऊन बसलं होतं, ते त्याला आजवर समजलेलं नाही. तो म्हणाला, "राँग नंबर," आणि फोन कापला.

"कोनाचा होता?" जमनाबाईनं विचारलं.

"कंपनीवाल्याचा. फोनात गानं भरा म्हन्ते."

फोन आणखी अकरा वेळा वाजला. त्यानं मोजलं. मग त्यानं सिम काढून विहिरीत टाकलं आणि घरी हरवलं म्हणून सांगितलं. तेव्हापासून दर सणाला जमनाबाई पुरणाचं पहिलं पान वाढताना म्हणायची, "एक फोन नाई केला पोरीनं. एक!" आणि सेवालाल बैलांना पाणी दाखवायला उठायचा. बैलांना तहान असो की नसो.

मग या पौषात धाकट्या पोरानं, नवीननं, पुण्याहून एक व्हिडिओ पाठवला. खाडीकाठचं कुठलंसं पक्षी उद्यान, आणि त्यात हिरवा शर्ट घातलेली, गळ्यात दुर्बीण अडकवलेली एक बाई लोकांना पाखरं दाखवून राहिलेली. जमनाबाईनं फोन डोळ्यांना लावला, मग छातीला लावला, मग पुन्हा डोळ्यांना. नवीनचं लग्न वैशाखात. बहिणीशिवाय हळद लागायची नाही, असं तिनं तिथंच जाहीर केलं. नवीननं शोधाशोध करून नंबर मिळवला, बहिणीशी बोलला. रीता म्हणाली, "रविवारी या. मले सुट्टी भेटत नाही. दहाच्या बॅचमदी तुमची नावं लिहून ठेवतो."

बाप्पा! आई-बाप भेटीला यायचे तर तेही बॅचमध्ये. पण जमनाबाईला त्याचं काही वाटलं नाही. तिनं पेटीतला फेट्या, म्हणजे आमच्याकडचा घेरदार घागरा, काढला, आरशांची कांचळी काढली, कवड्यांची ओढणी काढली, पायांत वाजते वाळे चढवले. आता असलं कोणी घालत नाही, तीही एरवी साडीच नेसते. पण लेकीपुढं जायचं तर असंच जायचं, असं तिचं म्हणणं. त्या अवतारात बावीस तास ती ताठ बसून आली, आणि वाटेत एकदाच बोलली. "नवीनचा बा," ती म्हणाली होती, "मी रडली का मले थांबवू नको. तिनं काहून फोन नाई केला, ते ती सांगीनच."

सेवालालनं खिडकीबाहेर पाहिलं होतं. सांगेलच. तीच तर धास्ती होती.

म्हणून ती पाटी वाचून त्याला बरं वाटलं. खात्री करून घ्यावी म्हणून त्यानं वॉचमनला हळूच विचारलंही, "साहेब, कोनी मोठ्यानं बोललं तर?"

"बाहेर काढतो," वॉचमन म्हणाला.

"लयच चांगलं करता," सेवालाल म्हणाला.

गेटाच्या आत वीसेक माणसं जमली होती. टोप्या, गॉगल, मोठमोठे कॅमेरे. पलीकडं दूरवर सपाट, पांढुरकी, ओली जमीन पसरलेली. झाड नाही, घर नाही, मधूनमधून पाण्याची पातळ चकाकी आणि मातीचे बुटके बांध. वाशिमच्या माणसाला पाहताच वाटावं की ही जमीन वाया गेली. वारा खारट होता, ओठ चाटले तर चव लागत होती.

आणि मग लाकडी खोलीतून रीता बाहेर आली. हातात यादी. पंचवीस वर्षांची झाली होती, अंगानं भरली होती, उन्हानं काळवंडली होती. चाल मात्र तीच, डोक्यावर घागर असल्यासारखी. यादीतून मान वर करून तिनं पाहिलं आणि ती जागीच थांबली.

जमनाबाईनं दोन्ही हात पसरले आणि सूर सोडला. "याडी येऽऽ" एवढंच, पण पोटातून आलेलं. टोपीवाले दचकले. एकीचा कॅमेरा हातातून सुटून गळ्यात लोंबकळला. जवळच्या पाण्यातून शे-दोनशे लहान पाखरं भर्रकन उठली. वॉचमन दोन्ही हात हलवत धावत आला. त्याला ओरडताही येईना बिचाऱ्याला, पाटी त्याचीच.

रीता तीन ढांगांत आईपर्यंत पोचली आणि तिनं आईच्या तोंडावर हात ठेवला. "याडी, इथं नको. इथं आवाजाले मनाई हाये."

जमनाबाईचे पसरलेले हात हळूहळू खाली आले. तिनं लेकीचा हात आपल्या तोंडावरून काढला, सावकाश, एकेक बोट धरून काढावा तसा. "बरं," ती म्हणाली.

सुटलो, सेवालालला वाटलं. आणि वाटलं म्हणून स्वतःची लाजही वाटली. पण सुटका मोठी होती आणि लाज लहान.

रीतानं घसा साफ केला आणि सगळ्यांना नमस्कार केला. बोलायला लागली तर ही बोली कुणाची! छापील पुस्तकासारखी. "मंडळी, आपण आता बांधावरून चालणार आहोत. एका रांगेत चाला, बांधाखाली उतरू नका, काहीही उचलू नका." आणि मग, नजर यादीवर ठेवून, "आजी, तुमच्या वाळ्यांचा आवाज होतोय."

आजी! जमनाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. नवऱ्यानं बांधाकडं पाहिलं.

रीता आईच्या पायाशी बसली. खिशातून दोन रुमाल काढले, एकेका पायातल्या वाळ्यांभोवती गुंडाळले, गाठ मारली. गाठ मारून झाल्यावरही तिचे हात आईच्या घोट्यांवर तसेच राहिले. सेवालालनं ते पाहिलं. जमनाबाईनं नाही, ती वर आभाळाकडं बघत होती.

"पह्यले तोंड बांधलं," ती पुटपुटली, "आता पाय."

सेवालालनं सांगायला हवं होतं की अगं, तिचे हात पाह्य. पण इथं आवाजाला मनाई होती ना!

रांग निघाली. पुढं रीता, मध्ये टोप्या, शेवटी हे दोघं. बांध अरुंद, चिखल वाळून त्याच्या खपल्या निघालेल्या, आणि खालच्या वाफ्यांत मिठाची पांढरी साय धरलेली. सेवालालच्या गुडघ्यांत कळा येत होत्या. रीता थांबायची, हलक्या आवाजात सांगायची, पुन्हा चालायची. "इथे पूर्वी मिठागर होतं. भरतीचं पाणी आत घ्यायचं, या वाफ्यांत उन्हानं तापवायचं आणि उरलेलं मीठ ओढायचं. ते काम आता बंद झालं. आता ही सगळी जागा लांबून येणाऱ्या पाहुण्यांसाठी राखीव आहे."

"पाहुन्यायसाठी म्हन्ते," जमनाबाई म्हणाली. "आमी कोन हाओत मंग?"

"हळू बोल."

"हळूच बोलून राह्यली."

टोपीवाल्यांना पाखरांपेक्षा जमनाबाईचंच अप्रूप वाटत होतं. एक बाई मागं रेंगाळून कुजबुजली, "आजी, किती सुंदर ड्रेस! एक फोटो काढू?" जमनाबाई नको म्हणाली नाही, हो म्हणाली नाही. फोटो निघाला. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते त्या बाईला सुंदरच वाटलं असणार.

अर्ध्या तासानं एक लाकडी खोपी आली. आत अंधार, भिंतीला डोळ्यांच्या उंचीवर आडव्या फटी. माणसांनी आत बसायचं म्हणजे पाखरांना ती दिसत नाहीत. रीतानं तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण लावून दिली आणि एकेकाला बोलावलं. सेवालालची पाळी आली. बाप आणि लेक हातभर अंतरावर होते. तिच्या अंगाला साबणाचा आणि चिखलाचा वास येत होता. त्यानं डोळा लावला.

उथळ पाण्यात हजारभर उंच गुलाबी पक्षी उभे होते. बरेचसे एका पायावर, माना पिसांत खुपसून.

"हे रोहित," रीता मागून सगळ्यांना सांगत होती. "शेकडो कोस उडून येतात. आले की पहिले काही दिवस फार दमलेले असतात. तेव्हा कोणी उडवलं तर जेवढं खाल्लं तेवढं सगळं उडण्यात खर्च होतं. वारंवार उडवले तर मरतातसुद्धा. म्हणून आवाज करायचा नाही."

बरोबर आहे, सेवालालला वाटलं. दमलेल्याला उठवू नये. मलाही कोणी उठवू नये. हे असंच चुपचाप होऊन जावं, दोन वाजताची एसटी मिळावी, आणि पुन्हा बावीस तास बसून राहावं. नवीनच्या लग्नात काय ते बघता येईल. गर्दीत रडणंही आटोपशीर होतं.

तेवढ्यात कॉलेजातल्या एका पोरीनं विचारलं, "ताई, तुम्ही इथल्याच का?"

"नाही. मी वाशिम जिल्ह्यातली."

"अय्या, इतक्या लांबून! आणि घरचे?"

खोपीत अंधार होता तरी सेवालालला बायकोची मान वळलेली दिसली. दुर्बिणीचा स्क्रू रीतानं उगाच आवळला.

"तिकडेच असतात," ती म्हणाली. "चला, आपल्याला उशीर होतोय."

परतीच्या बांधावर जमनाबाईच्या पायांतले रुमाल चिखलानं काळे झाले होते आणि ती पाय ओढत चालत होती, ऊसतोडीच्या शेवटच्या दिवशी चालायची तशी. सेवालाल मागून बघत होता. इतकी वर्षं संसार केला, पण ही बाई त्याला म्हातारी कधी दिसली नव्हती. आज दिसली.

बॅच संपली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्याही बिनआवाजाच्या, हात वर करून नुसती बोटं हलवत. रीता लाकडी खोलीतून पितळी डबा घेऊन आली. "तांदळाच्या भाकरी हायेत. सुकटाची चटनी हाये. सकाळी पाचले उठून केल्या." ती आता छापील बोलत नव्हती. "एकची बॅच हाये माही. पंधरा मिनिटं हायेत. बसा."

"भूक नाई," जमनाबाई म्हणाली.

"याडी..."

"पाहुन्यायले दे. लांबून आले अस्तीन."

तिनं वाकून पायांतले रुमाल सोडले, घडी घातली, डब्यावर ठेवले. फेट्यात खोचलेलं तांदळाच्या अक्षतांचं पुडकं, नवीनच्या लग्नाचं, तिनं बाहेर काढलंच नाही. ओढणी सावरली आणि गेटाकडं चालायला लागली. रीता डबा धरून उभी.

गेटाबाहेर रस्ता, रस्त्यापलीकडं पत्र्याची शेड, तोच एसटीचा थांबा. जमनाबाई शेडमध्ये खाली बसली. सेवालालही बसला. समोरून रेतीचे टिप्पर जात होते.

"तू सहा वर्साखाली म्हनला तेच खरं," जमनाबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता, तोच असता तर बरं झालं असतं. "ती आमाले मेली. मीच येडी. मले वाटे, पोरीच्या मनात काही नसन, तिले फोन करू देत नसतीन. पन तिनं मले गळाभर रडू दिलं नाई. घरचे तिकडंच अस्ते म्हनली, मी हातभर दूर उभी असून. चाल, नवीनची हळद मीच लावतो. बहीन नाई त्याले."

झालं. सेवालालला जे हवं होतं ते सगळं झालं होतं. रडणं झालं नाही, फोनाचा विषय निघाला नाही, आता जन्मात निघणार नाही. एसटी आली की गोष्ट संपली. त्यानं सुटकेचा श्वास घ्यायला पाहिजे होता. त्यानं घेऊन पाहिला, तर छातीत शिरेचना. ही आता मरेपर्यंत म्हणणार, मला लेक नाही. आणि मी दरवेळी बैलांना पाणी दाखवायला उठणार.

"आलो," तो म्हणाला.

"कुठं चालला?"

"पानी पिऊन येतो."

वॉचमननं त्याला अडवलं नाही. रीता लाकडी खोलीच्या पायरीवर बसली होती, डबा मांडीवर, उघडलेला नाही. एकच्या बॅचची माणसं जमायला लागली होती. बापाला पाहून ती उठली नाही.

"गेली ना एसटी?" तिनं विचारलं.

"नाई गेली." तो तिच्यासमोर उभा राहिला. उभं राहवत नव्हतं, तरी राहिला. "तू तिले रडू काहून नाई दिलं?"

"नोकरी हाये माही."

"रीता."

"तिनं मले काहून नाई रडू दिलं, बा?" ती हळूच बोलत होती. सवयीनं तिचा आवाज वर चढतच नव्हता. "मी दवाखान्यात होती. माही पोरगी पोत्यासारखी गुंडाळून नेली त्याईनं. मी फोन केला. तू राँग नंबर म्हनला, ते समजलं मले. तुहा सोभावच तसा. पन फोनात मले याडीचा आवाज आला. हासून राह्यली होती ती. बाजूलेच होती ना? मंग मी अकरा खेपा केला. एकदा तरी तिनं उचलावा होता. आज येते आन् गळ्यात पडते. कोन्या तोंडानं पडते?"

चार वर्षं सेवालाल समजत होता की आपण एक फोन लपवला. त्यानं लपवली होती आई, लेकीपासून. आणि लेक, आईपासून. दोघींनाही त्यानं एकाच दुपारी एकमेकींसाठी मारून टाकलं होतं, आणि वर स्वतःला दमलेला बिचारा म्हणवून घेत होता.

"तिले माहीतच नाई," तो म्हणाला.

"काय?"

"फोन आलता ते. पोरगी झालती ते. गेली ते. काहीच माहीत नाई तिले. कंपनीचा फोन होता असं म्या सांगतलं. सिम हिरीत टाकलं. ती आजवर मले म्हन्ते, पोरीनं एक फोन नाई केला."

रीताच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते त्याला बघवेना. शिव्या दिल्या असत्या तर त्यानं खाल्ल्या असत्या.

"गेटाच्या बाहीर ये," तो म्हणाला. "बाहीर मनाई नाई. तिच्या गळ्यात पड आन् सगळं सांग."

"सगळं म्हंजे तुहं नावबी येईन त्यात."

"येऊ दे."

"ती तुले सोडनार नाई, बा."

"माहीत हाये मले. तू चाल."

रीतानं डबा पायरीवर ठेवला. दुसऱ्या एका हिरव्या शर्टाला तिनं हातानंच खूण केली, बॅच तू घे. आणि ती चालायला लागली, मग पळायला लागली. बापाच्या पुढं, गेटातून, रस्ता ओलांडून. टिप्परवाल्यानं करकचून ब्रेक मारला आणि शिवी घातली.

सेवालाल रस्त्याच्या अलीकडंच थांबला. पाठ करून उभा राहिला, रीतीप्रमाणं. आधी जमनाबाईचं तुटक, "काहून आली? जा." मग रीताचा सूर निघाला.

सहा वर्षं ती पोर कोणाजवळ अशी रडली नव्हती, हे ऐकणाऱ्या कोणालाही कळलं असतं. पहिल्यांदा सूर फाटला, लागेना, मग लागला. गोरमाटीत, आपल्या बोलीत. याडी, मी तुला सोडून गेले नाही, मी गाडीत बसले नाही एवढंच. याडी, मला मीठ-भाकरीचं दुःख नाही, माणूस चांगला आहे. आता जमनाबाईचाही सूर त्यात मिसळला होता. आई आणि लेक, कोण काय म्हणतंय ते वेगळं काढता येत नव्हतं. थांब्यावरची माणसं उठून बाहेर आली. कुंपणाच्या आतून वॉचमनही बघत होता. पण बाहेर त्याचं राज्य नव्हतं.

याडी, मला मुलगी झाली. नाक तुझं होतं. याडी, दोन दिवस तिनं माझं बोट धरलं.

जमनाबाईचा हंबरडा सेवालालच्या पाठीत शिरला. तो हलला नाही. पुढं काय येणार ते त्याला ठाऊक होतं, आणि निघून जायला अख्खा रस्ता मोकळा होता.

याडी, मी फोन केला. श्रावणात केला. बा म्हणाला, राँग नंबर. मी अकरा वेळा केला, याडी. तू हसत होतीस.

एक सूर थांबला. रीताचा थोडा वेळ चालू राहिला, मग तोही थांबला. समोर खाडीवर भर दुपारचं ऊन पांढरंफटक पडलं होतं आणि सेवालाल त्याकडं बघत होता, कारण दुसरीकडं बघायला जागा नव्हती.

आमच्याकडं बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. कागदावर लिहून द्यायची वेळ आली तरी शेजारणीला सांगायला लावते. जमनाबाईनं चाळीस वर्षांत एकदाही घेतलं नव्हतं, ना लाडानं, ना रागानं.

"सेवालाल," ती मागून म्हणाली. मोठ्यानं नाही. "इकडं पाह्य."

तो वळला.